आपत्तीच्या आराखड्यात पशुवैद्याची खुर्ची

ऑगस्ट २०२५ मध्ये, १७ तारखेच्या रात्रीपासून १८ च्या सकाळपर्यंत, नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यावर आभाळ फाटलं. लेंडी धरणाच्या परिसरातली रावणगाव, हसनाळ, भिंगेली, भासवाडी ही गावं पाण्यानं वेढली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी उतरल्या, लष्कराची तुकडी बोलवावी लागली, अडकलेल्या माणसांना बाहेर काढलं गेलं. हसनाळमध्ये काही जीव हाती लागले नाहीत. पाण्यात गाई-म्हशीही गेल्या. महिनाभरातच मांजरा आणि तेरणा पात्राबाहेर आल्या आणि लातूर, धाराशिवच्या नदीकाठच्या गावांवर तीच वेळ आली.

अशा प्रत्येक वेळी पशुवैद्य गावात येतो. पण बहुतेकदा तो येतो तोवर जनावर गेलेलं असतं आणि त्याच्याकडून हवा असतो तो मृत्यूचा दाखला. भूकंप, पूर, साथ, दुष्काळ आणि वीज ही मराठवाड्याची नेहमीची संकटं आहेत. त्या प्रत्येकात पशुवैद्याचं सर्वांत मोलाचं काम संकट येण्याआधीचं असतं, आणि नेमक्या त्याच कामाला आपल्या व्यवस्थेत पक्की जागा नाही. ही जागा कुठे असायला हवी, आजवरच्या अनुभवानं काय शिकवलं आणि येत्या पावसाळ्याआधी काय करता येईल, याचा हा आढावा आहे.

गोठा सोडून कुणी जात नाही

नांदेड आणि लातूर ही गोवंशाच्या दोन नामांकित जातींची भूमी आहे. कंधारच्या परिसरातली लाल कंधारी आणि देवणीच्या परिसरातली देवणी. देवणीतही अंगावरच्या रंगावरून वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे प्रकार जाणकार लांबूनच सांगतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात या जनावरांची पारख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. चांगल्या देवणी बैलजोडीला लाखाच्या वर भाव मिळतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात याहून मोठी चालतीबोलती ठेव दुसरी नसते. पीक बुडालं तर घर दुधावर तगतं आणि दूधही आटलं तर शेरडं विकून दवाखान्याचं, शाळेचं भागतं.

म्हणूनच पूर आला की बोटीत बसायला माणसं तयार होत नाहीत. ‘आधी ढोरांचं बघा’ हे वाक्य बचाव पथकांना नवं नाही. म्हातारी माणसं गोठ्याच्या दाराशी अडून बसतात. रात्री पाणी चढताना कुणीतरी दावी सोडायला परत जातो आणि त्यातच अडकतो. जनावरांची सोय आधी झालेली असेल तर माणूस वेळेत बाहेर पडतो. जनावरांचा विचार केला तर माणसांकडे दुर्लक्ष होईल, हा आक्षेप म्हणून खरा नाही. जनावर वाचवण्याची तयारी हा माणूस वाचवण्याच्याच तयारीचा भाग आहे.

ही गोष्ट फक्त खेड्यांची नाही. २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना वादळ आलं तेव्हा पाळीव प्राण्यांना सोडून यायला असंख्य कुटुंबांनी नकार दिला आणि ती पुरात अडकली. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, तिथल्या संसदेनं कायदा केला आणि राज्यांच्या स्थलांतराच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार सक्तीचा केला. बांगलादेशानं त्याच्या किती तरी आधी, १९७० च्या भीषण चक्रीवादळानंतर, किनारपट्टीवर मातीचे उंच ओटे बांधायला घेतले. त्यांना तिथं ‘किल्ला’ म्हणतात. लाटा आल्या की गुरं त्या किल्ल्यावर चढवायची. किल्ला गुरांसाठी बांधलेला असला तरी त्यामुळं माणसंही घर सोडायला तयार होतात.

किल्लारी: ढिगाऱ्याखालचं पशुधन

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेली गावं गाढ झोपेत होती. औसा आणि उमरगा तालुक्यांतली ५२ गावं जमीनदोस्त झाली. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसं गेली आणि १५,८५४ जनावरं मेली. म्हणजे एका माणसामागे दोन जनावरं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, अशा वाड्यांत माणसं आणि गुरं एकाच छपराखाली राहत होती. ती एकत्रच गाडली गेली.

त्या दिवसांतली पशुवैद्यकीय कामं डोळ्यांसमोर आणली तर यादी लांबते. ढिगाऱ्यातून निघालेल्या जखमी जनावरांची हाडं बसवायची. ज्याचं वाचणं शक्य नाही त्याला वेदनेतून सोडवायचं. मालक गेला आणि गाय राहिली, अशा जनावरांना एकत्र करून चारापाणी द्यायचं. हजारो शवं कुजायच्या आत, पाण्याच्या स्रोतांपासून लांब पुरायची. भूकंपानंतर पाऊसही आला, त्यामुळं हे शेवटचं काम आणखी कठीण आणि आणखी निकडीचं झालं. शवांची विल्हेवाट हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. जागा कोणती, खड्डा किती खोल, चुना किती, भूजल किती खाली, हे ठरवायला पशुवैद्य आणि पाणीपुरवठ्याचा अभियंता एकत्र बसावे लागतात. ही जागा संकटाच्या दिवशी शोधायची नसते. गावागावांत ती आधीच नकाशावर असायला हवी.

किल्लारीचा दुसरा धडा पुनर्वसनाचा आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून गावं नव्या जागी वसली, भूकंपात टिकतील अशी घरं उभी राहिली. ते काम मोठं होतं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण शहरी वळणाच्या सरळ ओळींत आखलेल्या अनेक वसाहतींमध्ये गोठ्याला, कडब्याच्या गंजीला, गाडी-बैल उभे करायला पुरेशी जागा राहिली नाही. लोकांनी मग घरापुढे पत्रे टाकून गोठे उभारले, तर कुणी जनावरंच कमी केली. वसाहत आखताना टेबलाभोवती पशुसंवर्धनाचा माणूस असता तर गुरांचा रस्ता, पाण्याचा हौद आणि शेणाची जागा हे प्रश्न तिथंच निघाले असते. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्यानं नांदेड, परभणीही हलले. भूकंप या भागाच्या इतिहासात जमा झाला असं समजून चालणार नाही.

पूर: पहिले तीन दिवस

गाय पोहते, म्हैस तर चांगलीच पोहते. पुरात मरणाऱ्या जनावरांपैकी कितीतरी मरतात ती खुंट्याला, दावणीला बांधलेली असतात म्हणून. पुराच्या इशाऱ्यात ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ असं असतं. त्याच इशाऱ्यात ‘जनावरांची दावी सोडा, अमुक माळावर न्या’ ही एक ओळ घातली तरी मोठा फरक पडेल. त्या ओळीतला ‘अमुक माळ’ कोणता, हे मात्र कुणीतरी आधी ठरवलेलं असावं लागतं.

पाण्यातून वाचलेलं जनावर वाचलंच असं नसतं. नाकातोंडात गढूळ पाणी गेलेलं असेल तर दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया होतो. दिवसभर पाण्यात उभं राहिल्यानं खूर मऊ पडतात, सडतात. तारेच्या कुंपणानं कास फाटलेली असते. दूध काढायचं राहिल्यानं कासदाह सुरू होतो. पशुवैद्यांना सगळ्यात जास्त चुटपुट लावणारी बाब मात्र वेगळीच असते. मदत घेऊन आलेली भली माणसं दोन दिवसांच्या उपाशी गाईपुढे गहू, तांदूळ, पोळ्या, गूळ असं जे हाताला लागेल ते ठेवतात. रिकाम्या कोठीपोटात एकदम धान्य गेलं की आम्ल वाढतं, पोट फुगतं आणि पुरातून सुटलेली गाय धान्यानं मरते. आधी कोरडा चारा थोडा थोडा, स्वच्छ पाणी, मग बाकीचं. मदतीच्या ट्रकवर एवढी सूचना लावली तरी जनावरं वाचतील. पण ती सूचना लिहिणारा माणूस मदत केंद्रावर असायला हवा.

पुढं चाऱ्याचा प्रश्न येतो. भिजलेल्या कडब्याला बुरशी धरते आणि बुरशीचं विष दुधातून घरातल्या लेकरांपर्यंत पोचू शकतं. कोणती गंजी उन्हात वाळवून वापरता येईल, कोणती जाळूनच टाकावी, हे सांगणं पशुवैद्याचं काम आहे. नांदेडमध्ये याला आणखी एक पदर आहे. गोदावरीला वरून जायकवाडी, माजलगावचं पाणी येतं आणि खाली तेलंगणातल्या श्रीराम सागर धरणाची फूग धर्माबाद, बिलोलीकडे तटते. त्यामुळं काही शिवारांतलं पाणी लवकर हटत नाही. तिथं चारा आणि औषध पोचवायचं ते बोटीनं किंवा ट्रॅक्टरनं, आणि तेही कित्येक दिवस.

घटसर्पाला कॅलेंडर कळतं

पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुरानंतर मराठवाड्यात ज्या रोगांची भीती असते, त्यांत घटसर्प पहिला. गळ्याखाली सूज येते, श्वास घरघरतो, ताप चढतो आणि म्हैस चोवीस तासांतही जाऊ शकते. फऱ्या, शेळ्या-मेंढ्यांचा आंत्रविषार, लाळ्या-खुरकूत हे मागोमाग येतात. यांच्या लसी आहेत आणि सरकारी दवाखान्यातून मिळतात. पण घटसर्पाची लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. पूर आल्यावर टोचलेली लस त्या पुराच्या पहिल्या पंधरवड्यात कामाला येत नाही. लसीकरण मेमध्ये, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात झालेलं असलं पाहिजे. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. पुरात वीज गेली की दवाखान्यातला फ्रीज बंद पडतो. म्हणजे बर्फाची पेटी, जनरेटर आणि लससाठा उंचावर ठेवण्याची सोय ही सगळी तयारी कोरड्या दिवसांत करायची.

फाशी हा आजार त्याहून कसोटी पाहणारा. माणसात त्याला काळपुळी म्हणतात. त्याचे बीजाणू मातीत कैक वर्षं जिवंत राहतात. पुरानं माती खरवडली गेली किंवा दुष्काळात गुरं जमिनीला तोंड लावून चरू लागली की ते पुन्हा वर येतात. जनावर एकाएकी पडतं. नाकातून, गुदद्वारातून न गोठलेलं काळपट रक्त येतं. अशा वेळी अनुभवी पशुवैद्य काय करतो ते पाहण्यासारखं असतं. शवविच्छेदनासाठी सगळे घाई करत असतात, पण तो सुरीला हात लावत नाही. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतो, ती जागा बंद करतो आणि आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. शव उघडलं तर जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू बनतात आणि ती जागा पुढच्या पिढ्यांसाठी धोक्याची होते. कातडी काढायला आलेल्या माणसाला तिथंच थांबवायचं, मांस वाटण्याचा विचार मोडून काढायचा, खोल खड्डा घेऊन चुना टाकून शव तसंच पुरायचं. एका थेंबाच्या तपासणीनं त्या वस्तीवरची माणसं वाचतात आणि बहुतेकांना ते कधी कळतही नाही.

अलीकडच्या दोन साथींनी पशुवैद्यकीय यंत्रणेची ताकद आणि उणीव दोन्ही दाखवली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून लंपी त्वचारोग राज्यभर पसरला. गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. शेळ्यांच्या देवीवरची लस वापरून काही महिन्यांत राज्यातल्या बहुतेक गोवंशाला, म्हणजे जवळपास १ कोटी ४० लाख जनावरांना, टोचणी झाली. आंतरवासितेचे विद्यार्थी आणि खासगी पशुवैद्य यांनाही कामाला लावलं गेलं. वेळ पडल्यावर ही यंत्रणा किती वेगानं पळू शकते, हे त्या मोहिमेनं सिद्ध केलं. मात्र रोग गोठ्यात शिरल्यावर धावण्याची वेळ आली, हेही खरं.

दुसरा अनुभव बर्ड फ्लूचा. महाराष्ट्रानं तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात पाहिला. जानेवारी २०२१ मध्ये तो परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात सापडला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात झाडांवरून कावळे मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूच असल्याचं निष्पन्न झालं. लगोलग नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या किवळ्यातही तो आढळला. उदगीरमध्ये इशारा दिला तो कावळ्यांनी. मेलेला कावळा ही कचऱ्याच्या गाडीत टाकायची गोष्ट नसून नमुना घ्यायची गोष्ट आहे, हे कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून कोंबड्यांचे फार्म वेळीच सावध झाले. प्राणी, पक्षी आणि माणूस यांचं आरोग्य एकाच साखळीत आहे हे आता सगळेच मान्य करतात. त्या साखळीची पहिली कडी बहुतेक वेळा पशुवैद्याच्या हातात येते.

दुष्काळ: सावकाश येणारी आपत्ती

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेत १० वाघिणी, एकूण ५ लाख लिटर. देशभर त्या ‘जलदूत’ गाडीची छायाचित्रं झळकली. मोठं जनावर उन्हाळ्यात दिवसाला ४०-५० लिटर पाणी सहज पितं. म्हणजे त्या गाडीची ५० हजार लिटरची एक वाघीण हजारभर गुरांना जेमतेम एक दिवस पुरली असती. लातूर शहराची तहान सगळ्यांना दिसली. गावोगावच्या गोठ्यांची तहान त्या छायाचित्रांत नव्हती.

दुष्काळात सरकार चारा छावण्या काढतं. २०१५-१६ मध्ये बीड, उस्मानाबाद, लातूरसाठी छावण्यांचा निर्णय झाला. २०१९ मध्ये मोठ्या जनावरामागे रोज १०० रुपये अनुदान होतं. छावणीनं लाखो गुरं कसायाच्या दारातून वाचवली, हे नि:संशय. पण छावणी हे रोगांसाठीही आयतं ठिकाण असतं. वेगवेगळ्या गावांची शेकडो जनावरं एका हौदावर पाणी पितात. प्रवेशाच्या वेळीच लाळ्या-खुरकुताची लस, जंतनाशक, गोचिडांचा बंदोबस्त आणि आजाऱ्यांसाठी वेगळी दावण हवी. अनेकदा छावणीच्या तपासणीत जनावरं मोजण्यावर भर राहतो आणि आरोग्य मागे पडतं.

छावणीतला चारा म्हणजे मुख्यतः ऊस आणि उसाचं वाढं. वाढ्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं आणि ते जनावराच्या शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. महिनाभर नुसतं वाढं खाल्लेली दुभती गाय खंगते, वेळेवर माजावर येत नाही. उपाय घरच्या घरी होतो. चुन्याची निवळी वाढ्यावर शिंपडायची आणि खनिज मिश्रण द्यायचं. तसंच पाऊस लांबल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी. तिच्यात सायनाइडचं विष साठतं. भुकेलं जनावर त्या रानात शिरलं की तासाभरात तडफडून पडतं. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं वेळेत मिळाली तर उठतं. ती औषधं दवाखान्याच्या कपाटात जूनमध्येच असली पाहिजेत, मागणीपत्र ऑगस्टमध्ये जाऊन चालत नाही.

चाऱ्याच्या टंचाईचं मूळ दुष्काळाच्याही मागे आहे. लातूर सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली, हाती रोख पैसा आला. पण खरिपातली ज्वारी शिवारातून हटत गेली आणि तिच्याबरोबर कडबाही गेला. सोयाबीनचं भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. पूर्वी गावात दोन वर्षांची वैरण गंजीत असायची, आज अनेक घरांत दोन महिन्यांची नसते. वैरणीचा अंदाज, मुरघासाची तयारी, गावपातळीवरची चारापेढी या गोष्टी आपत्ती व्यवस्थापनात मोडतात आणि त्यांचा जाणकार तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातच बसलेला असतो.

कागद, बिल्ला आणि भरपाई

आपत्तीनंतर शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार, ते पशुवैद्याच्या सहीवर ठरतं. केंद्राच्या सध्याच्या निकषांप्रमाणे दुभत्या गाई-म्हशीमागे ३७,५०० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलामागे ३२,०००, वासरामागे २०,०००, शेळी-मेंढीमागे ४,००० आणि कोंबडीमागे १०० रुपये मिळतात. मोठ्या दुभत्या जनावरांसाठी कुटुंबामागे तीनची मर्यादा होती. २०२५ च्या पुरानंतर राज्य सरकारनं ती मदतीच्या घोषणेत काढून टाकली. हा निर्णय चांगला होता, कारण आठ म्हशींवर जगणाऱ्या घराची पाच म्हशींची हानी आधी कागदावर धरलीच जात नव्हती.

पण अडचणी राहतातच. वाहून गेलेल्या जनावराचं शव मिळत नाही. मग पंचनामा कशाचा करायचा? १ जून २०२४ पासून राज्यात कानातल्या १२ अंकी बिल्ल्याशिवाय गुरांची खरेदी-विक्री करता येत नाही आणि नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या जनावराची भरपाईही बिल्ल्याला जोडली आहे. नियमाचा हेतू योग्य आहे. बिल्ला असेल तर जनावराची नोंद आधीच संगणकावर असते आणि वाहून गेलेली गाय खरंच होती, हे सिद्ध करता येतं. मात्र ज्या वाडीवर बिल्ले मारायला कुणी पोचलंच नाही, तिथल्या शेतकऱ्याला या नियमाचा फटकाच बसतो. बिल्ला हा भरपाईचा अडसर ठरू नये म्हणून आपत्तीप्रवण गावांत, म्हणजे नदीकाठी आणि धरणाच्या फुगवट्यात, बिल्ल्यांचं काम सर्वांत आधी पूर्ण व्हावं. विजेच्या बाबतीतही असंच. वळवाच्या पावसात झाडाखाली बांधलेली गुरं दरवर्षी मरतात. खुंटा झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब ठोकायचा, ही एक सूचना ग्रामसभेत दिली तर पुढचे कितीतरी पंचनामे टळतील.

कायद्यातली रिकामी जागा

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये आला. कलम २५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणात जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात आणि लोकप्रतिनिधी सहअध्यक्ष. पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी हे पदसिद्ध सदस्य. त्याखेरीज राज्य सरकारला जिल्हास्तरावरचे जास्तीत जास्त दोन अधिकारी नेमता येतात. माणसांच्या डॉक्टरची खुर्ची कायद्यानं दिली आहे. जनावरांच्या डॉक्टरला ती मिळायची तर या दोनांतून मिळणार. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही, एक आदेश पुरे. नांदेड आणि लातूर हे शेती आणि पशुपालनावर जगणारे जिल्हे आहेत. इथं ही नेमणूक व्हायलाच हवी.

याच कायद्याचं कलम ३१ जिल्हा आराखडा दरवर्षी तपासून सुधारायला सांगतं. जागतिक पशुआरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये आपत्तीसाठी मार्गदर्शक सूत्रं दिली. त्यांचा गाभा एवढाच, की पशुवैद्यकीय सेवा आपत्तीच्या आधी, आपत्तीत आणि नंतर अशा तिन्ही टप्प्यांत नियोजनात असाव्यात. आपल्या जिल्हा आराखड्यांत पशुसंवर्धन विभागाचं पान नसतं असं नाही. पण त्या पानावर बहुतेक दवाखान्यांची यादी आणि दूरध्वनी क्रमांक असतात. कोणत्या गावात किती गुरं, ती कुठं हलवायची, चारा कुठून, शवं कुठं, हे प्रश्न तिथं सोडवलेले असायला हवेत.

मनुष्यबळाचं वास्तव नजरेआड करून चालणार नाही. १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगानं ५,००० गुरांमागे एक पशुवैद्य असावा असं सुचवलं. २०२५ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगानं पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ जागांची जाहिरात काढली. एवढ्या जागा एका वेळी भराव्या लागतात, यावरूनच किती दवाखाने अतिरिक्त कार्यभारावर चालत होते याचा अंदाज येतो. एका अधिकाऱ्याकडे दोन-तीन दवाखाने असतील तर पुराच्या रात्री तो कोणत्या गावात असेल? १९६२ या क्रमांकावर फिरतं पथक येतं, ही सोय मोलाची आहे. पण पूल बुडाल्यावर गाडी पोचत नाही. तिथं गावातलाच पशुधन पर्यवेक्षक, दूध संकलन केंद्रावरचा माणूस, शिकलेली पशुसखी यांच्यावर भिस्त असते.

या दोन जिल्ह्यांकडे एक हुकमी साधन आहे. उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८७ पासून उभं आहे, शेजारी परभणीचं १९७२ पासून. तिथं शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा, तज्ज्ञ अध्यापक आणि दरवर्षी आंतरवासिता करणारे तरुण पशुवैद्य आहेत. आंतरवासितेत आपत्तीचं प्रशिक्षण, राज्य आपत्ती प्रतिसाद दलाबरोबर बोटीचा सराव आणि वर्षातून एक सामूहिक कवायत सक्तीची केली तर प्रत्येक तुकडीतून मराठवाड्याला पन्नासएक तयार हात मिळतील. लंपीच्या वेळी विद्यार्थ्यांना ऐनवेळी बोलावलं गेलं. पुढच्या वेळी ते आधीच शिकून तयार असावेत.

मे महिन्याचं काम

हे सगळं फार खर्चाचं नाही. बहुतेक कामं एका मे महिन्यात बसू शकतात. जिल्हाधिकाऱ्यांनी पशुसंवर्धन उपायुक्तांना प्राधिकरणाच्या बैठकीला नियमित बोलवावं. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं गुरांसाठी एक उंच माळ, त्यावर पाण्याची टाकी आणि शवांसाठी एक जागा ठराव करून निश्चित करावी. रोजगार हमीतून तिथं मुरूम टाकून ओटा उभा करता येईल. घटसर्प, फऱ्या, आंत्रविषाराचं लसीकरण पुराच्या गावांपासून सुरू करून मेअखेर संपवावं. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात आपत्तीची पेटी असावी: पोटफुगीसाठी ट्रोकार, कॅल्शियम, वेदनाशामकं, विषबाधेवरची औषधं, काचपट्ट्या, चुना, हातमोजे, बर्फाची पेटी, बॅटरी. पाटबंधारे विभाग धरणाचे दरवाजे उघडण्याचा इशारा तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला पाठवतो, तोच पशुधन विकास अधिकाऱ्यालाही जावा. आणि इशाऱ्याच्या मजकुरात गुरांची दावी सोडण्याची ओळ कायमची छापली जावी.

पशुवैद्यांचाही यात विचार हवा. रात्रंदिवस मेलेली जनावरं मोजणाऱ्या, शेकडो कोंबड्या मारण्याचा आदेश पाळणाऱ्या माणसाच्या मनावर त्याचा भार पडतो. त्याला बदली माणूस, विश्रांती, रेबीज आणि धनुर्वाताची लस, विमा हे मिळालं पाहिजे. अशा काळात त्याचंही घर अनेकदा पाण्यातच असतं.

मराठवाड्याच्या शेतकऱ्यानं भूकंप पचवला, रेल्वेचं पाणी प्यायलं, लंपीत जनावरं गमावली आणि पुरात उरलेली वाचवली. दर वेळी त्यानं नव्यानं सुरुवात केली ती गोठ्यात जे उरलं त्याच्या आधारावर. गोठा शाबूत राहिला तर घर वर्षभरात सावरतं. गोठा रिकामा झाला तर तेच घर ऊसतोडीच्या टोळीत नाव लिहितं, पोरांची शाळा सुटते. आपत्ती व्यवस्थापनाचा अंतिम हेतू गाव पुन्हा आपल्या पायावर उभं करणं हा असेल, तर पशुवैद्याला शेवटी दाखला लिहायला बोलावण्याची रीत बंद व्हावी आणि येत्या आराखड्याच्या पहिल्या बैठकीचं निमंत्रण त्याच्या नावानं जावं.